गाजर गवताची खाज : ट्यूब बदलून नव्हे, बांध बघून सुटणारा प्रश्न

दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट या काळात देशभर गाजर गवत जनजागृती सप्ताह पाळला जातो. जबलपूरचे तण संशोधन संचालनालय त्यासाठी पुढाकार घेते आणि ठिकठिकाणची कृषी विज्ञान केंद्रे, कृषी महाविद्यालये, शाळा त्यात भाग घेतात. त्या आठवड्यात मोबाईलवर येणारे फोटो तुम्हीही पाहिले असतील. रस्त्याकडेला माणसे ओळीने उभी, प्रत्येकाच्या हातात मुळासकट उपटलेले गाजर गवत. नीट पाहिले तर दोन गोष्टी खटकतात. गवत पांढऱ्या फुलांनी लगडलेले असते आणि बहुतेकांचे हात उघडे असतात.

फुलावर आलेले गवत उपटणे म्हणजे बी झाडून झाल्यावर झाड काढण्यासारखे आहे. उघड्या हाताने उपटणे म्हणजे खाजेला स्वतःहून घरी बोलावणे आहे. हेतू चांगला आहे, याबद्दल वाद नाही. पण शिरूर आणि दौंडसारख्या तालुक्यांत, जिथे कालव्याच्या पाण्यामुळे हे गवत जवळजवळ बारमाही उगवते, तिथे ऑगस्टमधला एक आठवडा पुरत नाही. त्वचेच्या बाजूने पाहिले तर तो चुकीच्या पद्धतीने साजरा होतो. म्हणून यंदा सप्ताहाची वाट न पाहता हा विषय समजून घ्या.

पुण्यापासून सुरू झालेली गोष्ट

या तणाचा आणि आपल्या जिल्ह्याचा संबंध जुना आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे आर. एस. राव यांनी 1956 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात या वनस्पतीची नोंद प्रसिद्ध केली, ती पुण्यात आढळलेल्या झाडांवरून. अमेरिकेतून आयात झालेल्या गव्हासोबत बी आले असे आपण लहानपणापासून ऐकतो. त्याआधीचे वाळवलेले नमुनेही वनस्पतिसंग्रहांत सापडलेले आहेत, त्यामुळे सगळा दोष एका जहाजावर टाकता येत नाही. पण देशभर त्याचा फैलाव झाला तो पुण्याच्या नोंदीनंतरच. ‘काँग्रेस गवत’ हे नाव कसे पडले याच्या कथा तर गावागणिक वेगळ्या. कुणी म्हणते काँग्रेसच्या राज्यात गहू आला म्हणून, कुणी म्हणते फूल पांढऱ्या टोपीसारखे दिसते म्हणून. काही भागांत यालाच चटकचांदणी म्हणतात. त्वचेच्या दृष्टीने पाहिले तर हे नाव जास्त खरे आहे.

काही वर्षांतच पुणे परिसरातल्या डॉक्टरांकडे चेहरा, मान आणि हात खाजवून काळवंडलेली, जाड झालेली माणसे येऊ लागली. पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर यांनी मिचेल आणि कॅलनन या परदेशी तज्ज्ञांसोबत 1974 मध्ये या विकारावर शोधनिबंध लिहिला. पुढे 1976 मध्ये त्यांनी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांबरोबर गवतातल्या त्रासदायक द्रव्यावरचे काम प्रसिद्ध केले. त्या द्रव्याचे नाव पार्थेनिन. जगातल्या पुस्तकांत आज जे ‘पार्थेनियम डर्मेटायटिस’ म्हणून शिकवले जाते, त्याचे पहिले मोठे धडे आपल्याच जिल्ह्यातल्या रुग्णांच्या कातडीवरून लिहिले गेले. तरीही त्याच जिल्ह्यातला शेतकरी आज पन्नास वर्षांनी ‘काहीतरी उष्णता झाली असेल’ म्हणून ट्यूब चोळत बसतो.

खाज उशिरा का येते?

इथेच सगळा घोळ होतो, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

ऍलर्जीचे सगळे प्रकार सारखे नसतात. एखादे औषध किंवा खाणे सोसले नाही की काही मिनिटांत, फार तर तासा-दोन तासांत अंगावर गांधी उठतात आणि बहुधा दिवसभरात जिरतात. गाजर गवताची स्पर्शजन्य ऍलर्जी तशी नाही. पार्थेनिन कातडीत शिरते, तिथल्या पेशी त्याची ओळख शरीराच्या संरक्षक पेशींना करून देतात आणि त्या पेशी चाल करून येईपर्यंत साधारण एक ते तीन दिवस जातात. म्हणजे सोमवारी तुम्ही बांधावरचे गवत उपटले, मंगळवारी काही नाही, बुधवारी कांद्यावर फवारणी केली आणि बुधवारी रात्री मान पेटली. तुम्ही दोष देणार बुधवारच्या औषधाला. पुढच्या वेळी औषध बदलाल, दुकानदाराशी वाद घालाल, पण खाज येतच राहील.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ही ऍलर्जी जन्मतः नसते, ती रुजते. वर्षानुवर्षे हात लावूनही काही होत नाही आणि एके दिवशी शरीर त्या द्रव्याला शत्रू म्हणून कायमचे नोंदवून ठेवते. ‘मी वीस वर्षे हेच गवत उपटतोय, मला कधी काही झाले नाही’ हे वाक्य म्हणून पुरावा ठरत नाही. उलट, ज्याचा संपर्क सर्वात जास्त आणि सर्वात लांबचा, त्याला धोका जास्त. एकदा नोंद झाली की मग थोडासा संपर्कही पुरतो आणि ती ओळख बहुधा आयुष्यभर राहते. शाळेतल्या मुलांच्या हाती फुललेले गवत देऊन फोटो काढताना याचा विचार व्हायला हवा. त्या दिवशी त्यांना काही होणार नाही, हे खरे. पण ऍलर्जी रुजवायला जो संपर्क लागतो, त्याचा हिशेब तिथून सुरू होतो.

हात न लावताही त्रास होतो, हे अनेकांना पटत नाही. पार्थेनिन गवताच्या पानाफुलांवरच्या बारीक लवीत असते. गवत वाळले की ती लव, पानांचा चुरा आणि फुलांचा धुरळा वाऱ्यावर उडतो आणि वाळलेल्या चुऱ्यातही पार्थेनिन टिकून असते. म्हणून पुणे-सोलापूर रस्त्याने दुचाकीवर रोज यवतहून पाटसला जाणाऱ्या, स्वतः शेतीत हात न घालणाऱ्या माणसालाही हा त्रास होऊ शकतो. परागकणांमुळे काहींना शिंका, नाक गळणे, दम लागणे हेही होते. तो त्वचेपेक्षा वेगळा विषय आहे, पण मूळ तेच.

शरीरावर कुठे पाहायचे?

वाऱ्यावरून येणाऱ्या ऍलर्जीची खूण जागेवरून पटते. पापण्या सुजतात, खाजतात. मानेच्या घड्या, कोपराचा आतला भाग, गुडघ्यामागची घडी इथे लाली आणि खाज येते, कारण घामासोबत धूळ तिथे साचते. वरच्या पापणीवर, हनुवटीखाली, कानामागे, म्हणजे जिथे ऊन थेट लागत नाही तिथेही चट्टे असतील तर केवळ उन्हाचा त्रास म्हणून सोडून देऊ नका. सुरुवातीला पावसाळ्यात वाढते, हिवाळ्यात कमी होते. दुर्लक्ष केले तर काही वर्षांत ऋतूचा फरक मिटतो, कातडी काळी, जाड आणि रेघाळलेली होते आणि पुढे ऊनच सहन होईनासे होते. कपाळ, कानाच्या पाळ्या आणि मानेचा मागचा भाग अशा रुग्णाला कायम झाकून ठेवावा लागतो. शेतकऱ्याला ऊन सोसेना म्हणजे त्याचे काम सुटले. या विकाराने झोप आणि रोजगार दोन्ही जातात.

जुन्या वैद्यकीय नोंदींत या विकाराचे रुग्ण बहुतांश पुरुष आहेत. खुरपणी तर आपल्याकडे मुख्यतः बायकाच करतात. मग असे का? अंगभर लुगडे, डोक्यावरून पदर, वर शर्ट घालायची पद्धत यामुळे बायकांची कातडी जास्त झाकलेली राहते, हे एक कारण सांगतात. माझ्या मते दुसरेही एक कारण विसरू नये. दवाखान्यात कोण पोचते आणि कोण घरीच खोबरेल लावून गप्प बसते, याचाही त्या आकड्यांवर परिणाम होतो. कृषी सहायकांनी आणि आशाताईंनी महिला मजुरांना वेगळे विचारावे.

आता दोन विकारांशी गल्लत टाळा. नायटा म्हणजे गजकर्ण हा बुरशीचा रोग आहे. त्याचा चट्टा गोल, कडेला उठावदार आणि मध्ये जरा साफ असतो. तो जांघेत, कमरेला, ओल्या कपड्याखाली होतो आणि घरात एकाकडून दुसऱ्याला लागतो. खरजेची खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यात बारीक पुरळ दिसते आणि सगळे घरच खाजवू लागते. गाजर गवताची ऍलर्जी मात्र एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. अशा माणसाचे ताट-तांब्या वेगळे करणे हा निव्वळ अन्याय आहे.

प्रत्येक खाज गाजर गवताची नसते

शिरूर-दौंडच्या शेतात आणि घरात कातडी बिघडवणाऱ्या आणखी बऱ्याच गोष्टी आहेत. लसूण आणि कांदा सतत सोलणाऱ्या, कापणाऱ्या व्यक्तीच्या फक्त बोटांच्या टोकांवर त्रास होतो. उजव्या हाताने सुरी धरणाऱ्याच्या डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे भेगाळतात, सोलवटतात. कांद्याच्या वखारीत किंवा हॉटेलच्या मुदपाकखान्यात काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

फवारणीची आग वेगळी. सायपरमेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन या गटातली कीटकनाशके चेहऱ्यावर उडाली की काही वेळातच मुंग्या येतात, आग होते आणि बहुधा दिवसभरात शमते. ही ऍलर्जी नव्हे, कातडीतल्या नसांवर औषधाचा थेट परिणाम असतो. मॅन्कोझेब, कॅप्टान, थायरम या बुरशीनाशकांची मात्र खरी, उशिरा येणारी ऍलर्जी होऊ शकते. कांद्याच्या करप्यासाठी मॅन्कोझेब वापरणाऱ्यांनी आणि थायरमने बीजप्रक्रिया करताना हाताने बी चोळणाऱ्यांनी आपल्या हातांकडे पाहावे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर हातमोजे, मास्क वाटले गेले, भाषणे झाली. पण शेतात आजही बहुतेक ठिकाणी द्रावण ढवळायला हातच वापरला जातो.

शेताबाहेरही कारणे असतात. ओल्या सिमेंटमधल्या क्रोमियमने गवंड्यांचे हात-पाय उलतात. शेतीसोबत बांधकामावर रोजाने जाणाऱ्यांनी डॉक्टरांना हे आवर्जून सांगावे. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्यांनी तिथे कशाला हात लागतो, त्या पदार्थाचे नाव लिहून आणावे. केसांच्या काळ्या रंगाने कपाळ आणि कान सुजतात, रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पायावर पट्ट्याच्याच आकाराचा चट्टा पडतो, टिकलीच्या गोंदाने कपाळावर गोल डाग उमटतो.

बिब्ब्याबद्दल दोन शब्द जास्त. मुरगळलेल्या पायाला, टाचेच्या भेगेला बिब्बा लावायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. बिब्ब्याचे तेल हे अतिशय तीव्र ऍलर्जी करणारे द्रव्य आहे. तो उतला की फोड येतात, लस वाहते, आणि तेलाचा हात जिथे लागेल तिथे नवे चट्टे उठतात. आंबा आणि काजू हे बिब्ब्याचेच भाऊबंद, म्हणून बिब्बा उतणाऱ्याला कैरीचा चीकही सोसत नाही. आधीच खाजणाऱ्या कातडीवर बिब्बा, चुना, बॅटरीचे पाणी असले काहीही लावू नका.

आणि फुलशेती. शेवंती, सूर्यफूल, झेंडू ही सगळी गाजर गवताच्याच कुळातली. पार्थेनिनची ऍलर्जी रुजलेल्या काहींना शेवंतीही सोसत नाही, कारण दोघांतली द्रव्ये एकमेकांसारखी आहेत. दौंड परिसरातून पुण्याच्या बाजारात शेवंती पाठवणाऱ्या घरात एखाद्याला तोडणीनंतर दोन दिवसांनी हात-चेहरा खाजत असेल, तर त्याला तोडणी आणि प्रतवारीऐवजी दुसरे काम द्यावे. शेतातल्या लांडग्याच्या म्हणजे काटेरी बोंडाच्या घागऱ्या तणाचेही तेच.

मेडिकलमधली ट्यूब

आता थोडे कडू. खाज आली की आपण मेडिकलमध्ये जातो, ‘खाजेची चांगली ट्यूब द्या’ म्हणतो आणि तीन-चार औषधे एकत्र केलेली ट्यूब हातात पडते. त्यात बुरशीचे औषध, जंतूचे औषध आणि एक जोरदार स्टेरॉईड असते. स्टेरॉईडने दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ट्यूब ‘चांगली’ ठरते.

खाज जर नायट्याची असेल तर स्टेरॉईडने वरची लाली दबते आणि बुरशी आत पसरत राहते. गेल्या दहा वर्षांत भारतभर नायटा हट्टी झाला आहे. नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारी बुरशीची एक जात इथे इतकी पसरली की 2020 मध्ये तिला भारताच्या नावावरूनच नवे नाव देण्यात आले. या परिस्थितीला अशा मिश्र ट्यूबांचा मोठा हातभार लागला, असे त्वचारोगतज्ज्ञ सतत सांगत आले आहेत. केंद्र सरकारने 2018 मध्ये त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉईड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 328 मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात काही त्वचेची मलमेही होती. कागदावर नियम आहे. काउंटरवर मात्र चिठ्ठी किती वेळा मागितली जाते, हे तुम्हाला माहीत आहे.

खाज ऍलर्जीची असेल तर स्टेरॉईड हे खरे औषध आहे, पण किती ताकदीचे, कुठे आणि किती दिवस हे ठरवणे महत्त्वाचे. चेहऱ्यावर महिनोन्महिने जोरदार ट्यूब लावली तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, आणि थांबवली की खाज दुप्पट जोराने उसळते. ‘सुई मारून घेतो, महिनाभर शांतता’ हाही एक मार्ग काहींना ठाऊक असतो. वारंवार घेतलेल्या स्टेरॉईडच्या सुईने साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. मधुमेही माणसाने तर हा विचारच करू नये. जुना, पसरलेला पार्थेनियमचा विकार असेल तर त्वचारोगतज्ज्ञ प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या गोळ्या देतात, पण त्या सुरू असताना ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते.

आणि कुठलेही औषध असो, दाराबाहेर गवत फुललेले असेल तर ते गळक्या पखालीत पाणी भरण्यासारखे होईल.

बांधावरचे वेळापत्रक

गाजर गवताचे एक झाड हजारो बिया देते. दहा ते पंचवीस हजारांपर्यंतचे आकडे नोंदलेले आहेत. ओल मिळाली की बी उगवते आणि साधारण चार ते सहा आठवड्यांत झाड फुलावर येते. वर्षातून तीन-चार पिढ्या होऊ शकतात. या एका हिशेबावर सगळे वेळापत्रक ठरते. जूनच्या शेवटी उगवलेले गवत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याआधीच फुलते. म्हणून सप्ताहाची तारीख उशिराची.

शिरूर आणि दौंड पर्जन्यछायेत आहेत, पाऊस तुटक पडतो आणि सप्टेंबरमध्ये बऱ्याचदा पुन्हा जोर धरतो. त्यामुळे पहिली उपटणी चांगल्या पावसानंतर तीन-चार आठवड्यांत, जमीन ओली असताना करावी, म्हणजे मूळ सोबत येते. दुसरी परतीच्या पावसानंतर तेवढ्याच अंतराने. तिसरी बाब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. खडकवासल्याचा नवा मुठा उजवा कालवा दौंडमधून इंदापूरकडे जातो, शिरूरला चासकमान आणि घोडचे पाणी मिळते. उन्हाळी आवर्तन सुटले की कालव्याकाठी, चाऱ्यांच्या कडेला आणि पाझराच्या जागी गवताची नवी पिढी उभी राहते आणि बी पाण्यासोबत पुढच्या शेतात जाते. आवर्तन संपल्यावर तीन आठवड्यांनी चारीची फेरी मारा. पाणी वापर संस्था असेल तर चारी सफाईत हे काम घाला.

उपटलेले गवत फुलावर नसेल तर खड्ड्यात कुजवून खत करता येते. फूल आलेले असेल तर बी राहते, ते खतात घालू नका. वाळलेले गवत झोडपू किंवा पेटवू नका. चुरा आणि धूर दोन्ही अंगावर येतात.

तणनाशकांबाबत सावधपणे. मजूर मिळत नाहीत, त्यामुळे मोकळ्या जागेवर ग्लायफोसेट मारायची सवय लागली आहे. पण ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध आणून तो परवानाधारक कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. मका, ऊस या पिकांत अॅट्राझिन किंवा मेट्रिब्युझिन वापरताना लेबलवरची मात्रा आणि पीक पाहूनच वापरा. टू-फोर-डी वाऱ्यावर उडून शेजारच्या टोमॅटो, कपाशी, द्राक्षाचा सत्यानाश करते, म्हणून भाजीपाल्याजवळ ते नकोच. मिठाचे तीव्र द्रावण फवारण्याचा सल्ला अजून छापला जातो. कालव्याखालच्या जमिनी आधीच क्षारपड होत चालल्या असताना आपल्या भागात तो मला पटत नाही.

मेक्सिकन भुंगा मात्र फुकटचा मजूर आहे. 1980 च्या दशकात तो मेक्सिकोहून बेंगळुरूला आणून सोडण्यात आला आणि पुढे देशभर पसरला. पिवळसर पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेला हा छोटा भुंगा आणि त्याच्या अळ्या पावसाळ्यात गाजर गवताची पाने खाऊन फस्त करतात. थंडीत तो जमिनीत दडून बसतो. पडीक जागेत तो दिसला तर तिथे कीटकनाशक मारू नका, जमीन नांगरू नका. त्याच जागेत टाकळ्याचे बी फेकले तर टाकळा गाजर गवताला दाबतो. दोन्ही उपाय हळू आहेत, दोन-तीन हंगाम लागतात.

सर्वात अवघड जागा मात्र कुणाच्याच बांधावर नाहीत. शिक्रापूर-सणसवाडीकडे एनए करून मोकळे पडलेले प्लॉट, दौंड जंक्शनभोवतीच्या रेल्वेच्या मोकळ्या जागा, महामार्गाच्या कडा. एका शेतकऱ्याने आपला बांध चकचकीत ठेवला आणि शेजारच्या प्लॉटमध्ये कंबरेएवढे गवत उभे राहिले तर त्याच्या मानेवरची खाज जात नाही. कर्नाटकाने 1975 मध्ये गाजर गवत कायद्याने उपद्रवी तण ठरवून जमीनधारकावर ते काढण्याची जबाबदारी टाकली. आपल्याकडे निदान जूनच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि प्लॉटमालक, रस्त्याचा विभाग, पाटबंधारे यांना लेखी कळवावे. ऑगस्टमध्ये फोटो काढण्यापेक्षा जुलैत पत्र पाठवलेले बरे.

ज्याला ऍलर्जी झाली आहे त्याने

त्याने स्वतः उपटणीला जाऊ नये, हे पहिले. पत्नीला किंवा मजुराला पाठवायचे असेल तर तिलाही पूर्ण बाह्या, पायजमा किंवा पँट, नाक-तोंड झाकणारे कापड आणि कोपरापर्यंतचे हातमोजे द्यावेत. रबरानेच खाज येते असे वाटले तर आत सुती मोजे घालावेत. शेतातून आल्यावर चेहरा, मान, हात साबणाने धुवावेत, अंघोळ करावी आणि शेतातले कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत. कपडे बाहेर वाळत घालताना शेजारी गाजर गवताचे रान नाही ना, हे पाहावे. दुपारच्या उन्हात जाताना टोपीपेक्षा कान आणि मान झाकणारे उपरणे उपयोगी. दुभत्या जनावरांना या गवतावर सोडू नये. त्यांच्याही कातडीला त्रास होतो आणि दुधाला कडवट चव येते.

खाज सहा आठवड्यांहून जुनी असेल, पापण्या सुजत असतील किंवा चट्ट्यातून पाणी सुटत असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ससूनसारख्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो, तिथे पॅच टेस्टबद्दल विचारा. या तपासणीत संशयित पदार्थांचे छोटे ठिपके पाठीवर चिकटपट्टीखाली लावतात, दोन दिवसांनी काढून पाहतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. तोपर्यंत पाठ भिजवायची नाही, घाम येईल असे काम करायचे नाही. म्हणून ऊस लागणीच्या किंवा कांदा काढणीच्या धांदलीत ही तपासणी ठरवू नका. भारतात वापरल्या जाणाऱ्या पॅच टेस्टच्या संचात पार्थेनियमचा समावेश आहे.

जाताना आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून न्या. सोबत एका कागदावर गेल्या महिनाभरात ज्या दिवशी खाज वाढली त्याच्या आधीच्या तीन दिवसांत काय काम केले ते लिहून न्या : खुरपणी कुठे, फवारणी कशाची, फुले तोडली का, सिमेंटला हात लावला का. कृषी सहायकांनी शेतकऱ्याला हा कागद भरायला मदत केली तर डॉक्टरांचे निम्मे काम होते.